तुलना सारख्याची सारख्याशी

पीक प्रात्यक्षिकांच्या अहवालांत एक विधान हमखास आढळते: शिफारशीच्या प्लॉटमध्ये किडींचा प्रादुर्भाव शेतकऱ्याच्या प्रचलित पद्धतीपेक्षा कमी राहिला. हे दोन प्लॉट नेमके कोठे होते, याचा उल्लेख मात्र क्वचितच असतो. शिफारशीचा प्लॉट विहिरीलगतच्या भारी जमिनीत आणि तुलनेचा प्लॉट चार बांधांपलीकडे, उशिरा पेरलेल्या रानात असेल, तर दिसलेला फरक औषधाचा, जमिनीचा की पेरणीच्या तारखेचा, हे कोणालाही सांगता येणार नाही. अशाच आकड्यांच्या भरवशावर शेतकरी पुढच्या हंगामातील फवारणीचा खर्च ठरवतो. म्हणून हा प्रश्न केवळ संख्याशास्त्राचा नाही.

कीड शेतात सर्वत्र सारखी नसते. अनेक किडींचा शिरकाव बांधाकडून होतो. ओलावा, पिकाची वाढ आणि नत्राची मात्रा यांनुसार त्यांची संख्या बदलते. ही विषमता नाहीशी करता येत नाही, पण तुलनेतून बाजूला काढता येते. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात १९१९ मध्ये रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी त्याचा मार्ग घालून दिला. सारख्या परिस्थितीतील प्लॉटांचा एक ब्लॉक करावा, प्रत्येक ब्लॉकमध्ये सर्व उपचार घ्यावेत आणि कोणत्या प्लॉटला कोणता उपचार द्यायचा, हे चिठ्ठी टाकून ठरवावे. ब्लॉकमध्ये दोनच प्लॉट असले की ती जोडी होते.

जोडीचे बळ एका जुन्या प्रयोगातून स्पष्ट होते. यूडेन आणि बील यांनी १९३४ मध्ये तंबाखू मोझॅक विषाणूच्या दोन द्रावणांची तुलना केली. आठ पाने घेऊन प्रत्येक पानाच्या अर्ध्या भागावर एक आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसरे द्रावण लावले व उमटलेले डाग मोजले. सरासरी १५ आणि ११ आली. फरक ४ डागांचा. परंतु पानापानांत तफावत मोठी होती. पहिल्या द्रावणाचेच डाग एका पानावर ७, तर दुसऱ्यावर ३१ होते. जोड्या विसरून दोन स्वतंत्र गट मानले, तर या फरकाची प्रमाण त्रुटी ३.३८ येते आणि फरक सिद्ध होत नाही. जोडीजोडीने वजाबाकी केली, तर त्रुटी १.५२ वर उतरते आणि तोच फरक ५ टक्के पातळीवर सार्थ ठरतो. एका पानावर कल उलटा होता. तोही हिशेबात धरलेला आहे.

भारतात ही शिस्त नवी नाही. व्ही. जी. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचा कृषी कार्यकर्त्यांसाठीचा संख्याशास्त्रावरील ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्येच प्रसिद्ध केला. प्रक्षेत्रावर ही शिस्त पाळली जाते. शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचेपर्यंत ती सुटते. तेथेही ती सहज शक्य आहे. प्रत्येक शेतकऱ्याचे शेत हाच एक ब्लॉक मानावा. एकच वाण, एकच पेरणी आणि एकच पाणी असलेल्या शेताचे दोन भाग करावेत. नाणे उडवून भाग ठरवावेत. फवारा उडून शेजारी जाऊ नये म्हणून मध्ये काही ओळी सोडाव्यात आणि मोजणी आतल्या ओळींत करावी. दहा शेतकरी म्हणजे दहा जोड्या. अहवालात सरासरीबरोबर दहाही फरक द्यावेत, उलटे निघालेले सुद्धा.

अर्धे शेत फवारणीविना ठेवण्यास शेतकरी तयार होणार नाही, ही अडचण खरी आहे. पण तुलनेच्या भागात त्याची नेहमीची पद्धत चालते. फवारणीपूर्वीची व नंतरची संख्या एवढीच तुलना मात्र पुरेशी नाही. जोरदार पावसाने मावा आपोआपही कमी होतो. दोन्ही भागांत एकाच दिवशी मोजणी हवी. कामगंध सापळ्यांनी पतंग मोठ्या प्रमाणावर पकडण्याची चाचणी असेल, तर अर्धे शेत पुरत नाही, कारण पतंग बांध मानत नाहीत. तेथे एकमेकांपासून पुरेशा अंतरावरील दोन सारख्या शिवारांची जोडी जुळवावी लागते.

प्रात्यक्षिक रस्त्याकडेला, सर्वांना दिसेल असे असावे, यात गैर काही नाही. मात्र तुलनेचा प्लॉटही त्याच रस्त्याकडेला, त्याच मातीत असला पाहिजे. ही जोडी अहवाल लिहिताना कागदावर जुळवता येत नाही; ती पेरणीपूर्वी शेतातच आखावी लागते.