घरगुती म्हणजे कोणाच्या घरचे?

आश्विन लागला, नवरात्र उठले, की ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंतच्या गल्ल्यांत दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. दुकानांवर व इमारतींच्या दारांवर ‘घरगुती फराळ मिळेल’ अशा पाट्या लागतात. आणि आमच्या शिष्ट मंडळींच्या तोंडून व लेखणीतून, हल्लीच्या बायकांस चकलीची भाजणी ठाऊक नाही, दिवाळी विकतची झाली, असा विलाप चालू होतो. पाट्यांचा विचार पुढे करू. विलापाचा समाचार आधी घेतला पाहिजे. कारण तो करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जन्मात एकदाही सोऱ्याची मूठ फिरवलेली नसते, असा आमचा अनुभव आहे.

घरच्या फराळाचे मोल आम्ही कमी लेखतो, असा समज कोणी करून घेऊ नये. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने, जिरे ही निरनिराळी भाजून दळून आणलेली भाजणी. मोहन अंमळ अधिक पडले तर तेलात सुटणारी आणि कमी पडले तर दातांस दाद न देणारी चकली. तीन दिवस तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत वाळवून, कुटून केलेला तो लहरी अनारसा, जो तुपात केव्हा ‘हसेल’ याचा नेम नाही. ही विद्याच आहे, आणि ती पुस्तकापेक्षा हातातून हातात जाते. शिवाय हा सारा मुलूख भाताचा. कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे पोह्यांचे चार-पाच प्रकार मांडण्याची चाल आहे ती नुकत्याच घरात आलेल्या नव्या भातामुळे. आमच्या खाडीकाठच्या खाचरांत आता इमारती पिकतात, पण चाल उरली आहे. तिचा लोप व्हावा असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

परंतु ही विद्या एकटीने चालवण्याची कधीच नव्हती, हे विलाप करणारे सोयीस्करपणे विसरतात. करंजीचेच पाहा. एकीने पीठ कुटावे, दुसरीने पाऱ्या लाटाव्या, तिसरीने सारण भरून कडा दाबाव्या, चौथीने कातण फिरवावे आणि पाचवीने कढईपाशी बसावे. भरलेल्या करंज्या तळेपर्यंत ओल्या फडक्याखाली झाकून ठेवाव्या, नाहीतर त्या सुकून तुपात उलतात. हा पाच जणींचा पदार्थ आहे. वाड्यांत व चाळींत आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा पाळ्या लागत, आणि त्या निमित्ताने सासुरवाशिणींस दोन घटका मोकळेपणाने बोलावयासही मिळे. त्या काळीही कंबर मोडेपर्यंत काम होते, आणि पाळीतली म्हातारी खोडी काढल्यावाचून राहत नसे, हेही खरे. जुन्याचा गौरव करताना तेवढे गाळण्याची आमची इच्छा नाही.

आता त्या पाच जणी कोठे आहेत? १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आगगाडी आली, आणि पुढे या गावांचे दिवस गाडीच्या वेळांवर चालू लागले. प्रथम पुरुष गेला, मागाहून स्त्रीही गेली. सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर दाराशी लोंबकळत निघालेली बाई रात्री आठाला परत येते. वाटेत गाडीतच भाजी निवडते. आणि घरी येऊन दोन खोल्यांत एकटीच परात पुढे घेऊन बसते. तिच्या घरातून करंजी आणि अनारसा आधी गेले, चिवडा व बेसनाचे लाडू मागे राहिले. यात प्रेम आटले असे कोठे दिसते? चिवडा एकटीने होतो, करंजी होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यावर पुरुषवर्गाचे ठरलेले उत्तर असे की, हे नाजूक काम आम्हांस जमावयाचे नाही. हे उत्तर देणाऱ्याने थोडा इतिहास चाळावा. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे (त्याची राजधानीही कल्याणच, पण ते बसवकल्याण, आमच्या कल्याणकरांनी उगाच कॉलर ताठ करू नये). मराठीत छापलेल्या अगदी आरंभीच्या पाकग्रंथांपैकी ‘सूपशास्त्र’ हे १८७५ साली निघाले, ते रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे. लग्नकार्यातला आचारी पुरुष, हलवाई पुरुष. जेथे पैसा आणि मान आहे तेथे पुरुषाचा हात कढईपाशी अचूक चालतो. स्वतःच्या घरी मात्र तो अकस्मात लुळा पडतो. आम्ही तरी कोण मोठे? पन्नाशी उलटल्यावर आम्ही सोऱ्या हाती धरला. पहिल्या घाण्याच्या चकल्या तेलात विरून गेल्या, दुसऱ्याच्या घरच्यांनी मुकाट्याने खाल्ल्या, आणि तिसऱ्या वर्षी आमच्या चकलीस काटा आला. तीन वर्षे लागली, तीन जन्म नव्हेत.

दुसरा पक्ष आहे तो अधिक चतुर. तो म्हणतो, सर्व काही विकत मिळते, मग ही उठाठेव हवी कशाला? घ्यावे, खावे, चतुर्दशीच्या पहाटे फडके रोडवर मिरवावे. आम्हांस विकतच्या फराळाचे वावडे नाही. पण या मंडळींस दुकानापुढे घासाघीस करताना आम्ही ऐकले आहे. “एवढे कसले हो दर? घरी केले तर याच्या निम्म्यात होते!” या एका वाक्यात साऱ्या वादाची मेख आहे. हा गृहस्थ डाळीचा हिशेब करतो, तेलातुपाचा करतो, गॅसचाही करतो. आणि घरच्या बाईच्या आठ रात्रींच्या जागरणाच्या रकान्यात पूज्य मांडतो. मग तेच पूज्य तो विकणारीच्या रकान्यातही मांडतो. घरातली मजुरी फुकट धरली, म्हणून बाजारातली मजुरी महाग वाटते. विलाप करणारा आणि घासाघीस करणारा हे दोन पक्ष भांडताना दिसतात खरे, परंतु दोघांची वही एकच आहे.

आणि त्या पाटीवरचा ‘घरगुती’ हा शब्द! तो फराळ कोणत्या तरी घरी होतो, हे अगदी खरे. डोंबिवलीत आमच्या परिचयाच्या एक बाई आहेत. परदेशी जाणारे डबे आधी निघावयाचे असतात, म्हणून त्यांची कढई पितृपक्ष संपताच चढते, ती थेट धनत्रयोदशीपर्यंत. बोटांची टोके भाजून बधिर झालेली. दर वाढवावा तर गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जाते, म्हणून त्या बदल्यात झोप कमी करतात. त्यांच्या स्वतःच्या घरच्या करंज्या केव्हा होतात, असे आम्ही एकदा विचारले.

“चतुर्दशीच्या आदल्या रात्री, शेवटच्या घाण्याबरोबर,” त्या म्हणाल्या. “हात चालले तर होतात. नाही चालले तर सारण उरलेले असतेच. मुले तेच वाटीत घेऊन चमच्याने खातात. त्यांना आता ते तसेच आवडते.”