खेळाडूने एक वर्ष का बसावे?
अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये, म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याच्या तिथल्या खेळात, विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला पूर्वी सहसा एक वर्ष सामन्यांबाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये एका बदलापुरती आणि २०२४ मध्ये, अभ्यास समाधानकारक असल्यास, कितीही बदलांसाठी ही अट उठली. संघनिष्ठा लोपल्याची ओरड प्रशिक्षकांच्या तोंडी तरी शोभत नाही, कारण प्रशिक्षक लिंकन रायली २०२१ च्या अखेरीस ओक्लाहोमा सोडून सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले तेव्हा त्यांना कोणी वर्षभर बसवले नाही, आणि त्यांच्यामागोमाग गेलेल्या केलेब विल्यम्सने तिथेच २०२२ चा हाइझमन, म्हणजे सर्वोत्कृष्ट खेळाडूचा करंडक, पटकावला. खरी झळ लहान विद्यापीठांना बसते, कारण त्यांनी घडवलेला खेळाडू श्रीमंत संघ अलगद उचलतो. त्यांना भरपाई अवश्य मिळावी. खेळाडूला मात्र पुन्हा जखडू नये.