चरबी जाळणारा डबा आणि आपला रक्तदाब

वस्तीतल्या जिमपर्यंत आता 'फॅट बर्नर'चे डबे पोचले आहेत. आपली कमावती पोरे, लग्नाला आलेल्या मुलीसुद्धा, पगारातले पैसे काढून ते घेतात. काही डब्यांवर बारीक अक्षरांत 'योहिंबिन' लिहिलेले असते. त्याबद्दल बोलणे आम्हाला गरजेचे वाटते.

योहिंबिन हे आफ्रिकेतल्या एका झाडाच्या सालीतले द्रव्य. ते 'अल्फा-२ ब्लॉकर' आहे. आपल्या चरबीच्या पेशींवर अल्फा-२ नावाची जणू बटणे असतात. ती दाबली गेली की पेशी साठवलेली चरबी सोडत नाही. योहिंबिन ते बटण अडवते. म्हणजे चरबी मोकळी होईल, हा संशोधकांचा तर्क काही वेडगळ नव्हता. पण मोकळी झालेली चरबी अंगमेहनतीत खर्च झाली नाही, तर ती पुन्हा साठते. माणसांवरच्या छोट्या चाचण्यांत कुठे वजन थोडे उतरले, कुठे काहीच फरक पडला नाही. एवढ्या आधारावर हे डबे विकले जातात!

हेच द्रव्य मज्जासंस्थेचा लगामही सैल करते. रक्तदाब चढतो, छाती धडधडते, जीव घाबरतो, झोप उडते. बीपी, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी, नैराश्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी त्याला हात लावू नये. आणि आपल्यातल्या कित्येकांना आपले बीपी वाढलेले आहे हेच ठाऊक नसते.

लेबलवर तरी विश्वास ठेवावा का? अमेरिकेत योहिंबिनच्या ४९ ब्रँडची तपासणी झाली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. मात्रा छापलेली होती फक्त ११ ब्रँडवर. त्यांतही प्रत्यक्ष मात्रा छापलेल्या आकड्याच्या २३ टक्क्यांपासून १४७ टक्क्यांपर्यंत निघाली. तिथे ही गत, तर आपल्या जिममधल्या सुट्या पावडरीचे काय सांगावे?

मात्र 'अल्फा ब्लॉकर' शब्दालाच भिऊ नका. प्राझोसिन हे अल्फा-१ अडवणारे वेगळे औषध, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी ते विंचूदंशावर वापरून कोकणात कितीतरी जीव वाचवले. घरात कुणाला बीपीसाठी किंवा प्रोस्टेटसाठी डॉक्टरांनी अशी गोळी दिली असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नये.

जिमवाल्या दादांना आमचे सांगणे आहे : डॉक्टरांना न विचारता हे कुणाच्या हाती देऊ नका. डबा घरी आलाच असेल, तर तो घेऊनच सरकारी दवाखान्यात जा, आधी बीपी मोजून घ्या आणि डॉक्टरांना लेबल दाखवा.