चूक ठळक, दुरुस्ती गुपचूप

तंत्रज्ञानाच्या बातम्या हा आपला प्रांत नाही, असे म्हणून संघटनांना आता चालणार नाही. मारहाणीची तक्रार, केंद्राचा पत्ता, रात्री-अपरात्री मदतीची हाक हे सारे आज मोबाइलवरून येते. तेव्हा अशा बातमीचा चुकीचा मथळा बाईच्या जिवाशी येऊ शकतो.

'द गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राने १३ जानेवारी २०१७ रोजी आपल्या संकेतस्थळावर बातमी दिली, की व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'चोरदरवाजा' आहे. प्रत्यक्षात काय होते? निरोप घेणाऱ्याने फोन बदलला, तर न पोचलेला निरोप नव्या कुलपात घालून आपोआप पुन्हा पाठवला जाई. निरोप हरवू नयेत म्हणून मुद्दाम ठेवलेली ही सोय होती. तिच्यात थोडा धोका होता. पण सरसकट सगळ्यांचे निरोप वाचता येतील असा चोरदरवाजा नव्हता.

मूळच्या तुर्कस्तानच्या समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेकची यांनी खुले पत्र लिहिले. सत्तरहून अधिक तज्ज्ञांनी त्यावर सह्या केल्या. त्यांचे म्हणणे होते, की या बातमीने घाबरून कार्यकर्ते आणि पत्रकार साध्या एसएमएसकडे वळत आहेत. एसएमएस तर टेलिफोन कंपनीला, आणि तिच्यामार्फत सरकारलाही वाचता येतो! म्हणजे सावध करण्याच्या नावाखाली माणसांना अधिक धोक्यात ढकलले गेले. वृत्तपत्राने 'चोरदरवाजा' हा शब्द लवकरच काढला. पण बातमीची मांडणी सदोष होती हे त्यांच्याच वाचक-संपादकाने मान्य करायला जूनअखेर उजाडली. तिथे निदान असा संपादक होता. कितीतरी संकेतस्थळांवर मथळा गुपचूप बदलतो, आणि आधीचा वाचून गेलेलीला त्याचा पत्ताही लागत नाही.

दूरच्या हेराची भीती घालणारे मथळे घरातला हेर मात्र झाकून टाकतात. बाईचा फोन नवरा हातात घेतो, तिचे व्हॉट्सअ‍ॅप आपल्या संगणकाला जोडतो आणि बसल्या जागी सारे वाचतो. त्याला कुठलेही कुलूप फोडावे लागत नाही.

जाहिरातींतल्या बाईच्या विकृत चित्रणाविरुद्ध चळवळीने आवाज उठवला, तसाच तो इथेही उठवायला हवा. चूक ज्या जागी आणि जेवढ्या मोठ्या अक्षरांत छापली, तिथेच, तेवढ्याच अक्षरांत, तारखेसह दुरुस्ती हवी. त्यासाठी संघटनेच्या नावाने संपादकांना पत्रे लिहू या. आणि मैत्रिणींनो, मथळा गटावर पुढे पाठवण्याआधी खालची बातमी पुरती वाचू या.