सहाव्या वर्षी येणारी दाढ दुधाची नव्हे

बिरवाडी परिसरातल्या आपल्या वस्त्यांत मुलाची दाढ किडली की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "दुधाची आहे, पडेल आपोआप." या समजुतीपायी आपल्या मुलांच्या कायमच्या दाढा जात आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दंतवैद्यकाच्या पहिल्याच वर्षी आम्हाला दातांची रचना शिकवतात. मेणाच्या ठोकळ्यातून एकेक दात हाताने कोरून दाखवावा लागतो. दाढेवरचे उंचवटे आणि त्यांमधल्या खाचा मापात आल्या नाहीत, तर पुन्हा कोरायचे. वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत नीट बसला, तरच घास चांगला दळला जातो, हे त्या मेहनतीतून डोक्यात पक्के बसते. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचे वर्गीकरण केले, तेव्हा त्यांनी पहिली कायमची दाढच प्रमाण मानली. आजही विद्यार्थी तेच शिकतात.

ही दाढ साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या सगळ्या दातांच्या मागे येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून ती आलेली घरात कळतही नाही. ओळखायची खूण सोपी आहे. समोरच्या मधल्या दातापासून एका बाजूने मागे मोजत जा. पाच दुधाचे, सहावी दाढ कायमची. तिच्या खोल खाचांत अन्न अडकते आणि कीड लवकर लागते. ती काढली की तिच्या जागी दुसरी येत नाही. शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि चावा बिघडतो.

दुधाची दाढही फुकट घालवायची नाही. मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत नव्या दाताची जागा राखते. ती फार आधी काढली, तर सहावी दाढ पुढे सरकते आणि नवा दात वाकडा येतो किंवा आतच अडकतो.

कंपनीत कंत्राटावर किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापाचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. दाढ एका फेरीत काढून होते, वाचवायला फेऱ्या लागतात. त्यामुळे आम्ही पालकांना दोष देत नाही. पण उपटणे हाच गरिबाचा उपचार, हे आपण मान्य करता कामा नये. डॉक्टरांना आधी विचारा, "दाढ वाचेल का?" राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आणि अंगणवाडीत येते, तेव्हा दात दाखवायला सांगा. पुढचे उपचार लागलेच, तर मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर दंत महाविद्यालय आहे.

घरी रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने, वाटाण्याएवढी घेऊन, दात घासावेत. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी स्वतः घासून द्यावेत. मुलांच्या दाताला मिश्री लावू नये.

रविवारी वंदनेला मुले विहारात जमतातच. वंदना झाली की उजेडात प्रत्येकाचे तोंड उघडून सहापर्यंत मोजावे. सहाव्या दाढेवर काळा डाग दिसला, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.