जुन्या कारच्या चाकातून घरघर येतेय? फिटनेसआधी बेअरिंग तपासा

15 वर्षं झालेल्या खासगी कारची नोंदणी 5 वर्षांनी वाढवायची तर आधी फिटनेस तपासणी लागते. एप्रिल 2022 मध्ये नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालं. म्हणजे जुनी गाडी ठेवणं महागलं. पण खरा प्रश्न आहे, ती सुरक्षित आहे का?

सील झिजलं की पावसाचं पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस खराब होतं. वेगाबरोबर वाढणारी घरघर ही पहिली खूण. डावीकडे वळताना आवाज वाढला, तर संशय उजव्या चाकावर. कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर येतो.

नवं बेअरिंग हातोड्याने ठोकून नव्हे, प्रेसनेच बसवून घ्या. ठोकलेलं लवकर जातं. आणि दुर्लक्ष केलं, तर चाक जाम होऊ शकतं किंवा निखळूही शकतं.