‘पडून जखमी’ एवढेच पुरेसे आहे का?

पुण्या-मुंबईत गेल्या काही वर्षांत ‘मेडिकल कोडिंग’चे क्लास बरेच निघाले आहेत. विज्ञान शाखेची पदवी घेतलेली आपली अनेक मुले-मुली हा कोर्स करतात. मुलींना घरी बसून काम करता येते, म्हणून पालकांनाही तो पसंत पडतो. काम असे की अमेरिकेतल्या रुग्णालयाचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक इजेला ठरलेला सांकेतिक क्रमांक द्यायचा.

या क्रमांकांत एक गमतीचा भाग आहे. पोपट चावला तर डब्ल्यू ६१.०१ आणि पोपटाची धडक बसली तर डब्ल्यू ६१.०२. माणूस विमानाच्या इंजिनात ओढला गेला तर त्यालाही क्रमांक आहे, आणि तोच माणूस पुन्हा तपासणीला आला तर त्यासाठी वेगळे अक्षर आहे! अमेरिकेत २०१५ च्या ऑक्टोबरपासून ही यादी लागू झाली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनीही तिची भरपूर टिंगल केली.

पण हसून झाल्यावर जरा विचार करावा असे मला वाटते. या यादीचे मूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणात आहे. त्यात अपघाताच्या दोन नोंदी असतात. पहिली नोंद काय मोडले, काय भाजले याची. दुसरी नोंद ते कशामुळे झाले याची. दुसऱ्या नोंदीला ‘बाह्य कारण’ म्हणतात, आणि दहाव्या आवृत्तीत त्यासाठी ‘व्ही’पासून ‘वाय’पर्यंतची अक्षरे राखून ठेवली आहेत. वाहनाचे अपघात ‘व्ही’मध्ये, पडणे, बुडणे, यंत्रात सापडणे ‘डब्ल्यू’मध्ये, आग आणि सर्पदंश ‘एक्स’मध्ये. शिवाय ठिकाण कोणते होते, घर, रस्ता, शेत की कारखाना, हे लिहायची सोय आहे. माणूस तेव्हा काय करत होता, पोटासाठी काम करत होता की आराम करत होता, हेही नोंदवता येते.

याचा उपयोग काय? न्यूयॉर्क शहरात एके काळी लहान मुले इमारतींच्या खिडक्यांतून पडून मरत. ‘पडून मृत्यू’ एवढ्यावर कुणी काही करू शकले नसते. पण मुले नेमकी खिडकीतून पडतात, हे नोंदींवरून दिसले. १९७२ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने मोहीम काढली आणि १९७६ मध्ये लहान मुले राहतात त्या घरांच्या खिडक्यांना घरमालकाने गज बसवलेच पाहिजेत असा नियम झाला. मृत्यू कमी झाले. उपाय साधा लोखंडाचा होता, पण तो सुचला कागदावरच्या एका शब्दामुळे.

आता आपल्याकडे पाहा. साप हा आपल्या शेतकऱ्याच्या रोजच्या भीतीचा विषय. तरी सर्पदंशाने किती माणसे मरतात याचे सरकारी आकडे अनेक वर्षे अगदी थोडे होते. संशोधकांनी घरोघरी जाऊन, माणूस कसा गेला हे विचारून हिशेब मांडला, तेव्हा २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे दर वर्षी सरासरी ५८ हजार, असा अंदाज निघाला. केंद्र सरकारने सर्पदंशाची सक्तीने नोंद करा असे राज्यांना कळवले ते २०२४ मध्ये. जे मोजलेच नाही, त्यासाठी लस पुरेशी कुठून येणार?

शेतातून कारखान्याकडे वळलो तरी तेच. मालेगाव, भिवंडीत हजारो माणसे यंत्रमागावर जगतात. पट्ट्यात बोटे जातात, धोटा उडून डोळ्याला लागतो. यंत्रात सापडण्याला डब्ल्यू ३१ हा क्रमांक आहे. पण अशा कामगारांचे जे थोडे केस पेपर माझ्या पाहण्यात आले, त्यांवर ‘हाताला जखम’ किंवा ‘पडून जखमी’ एवढेच होते. पोलीस केस नको म्हणून मालक गप्प, काम जाईल म्हणून कामगार गप्प, आणि समोर रांग असल्यामुळे डॉक्टरला विचारायला वेळ नाही. तिघांच्या सोयीची ही दोन शब्दांची नोंद शेवटी एकालाच महाग पडते. काम करताना इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे. मात्र इजा कामावर झाली हे सिद्ध करायला पहिला कागद दवाखान्याचाच लागतो. त्यावर कारखाना नाही, यंत्र नाही, तर दावा कशावर उभा राहणार?

बायकांच्या बाबतीत ही रिकामी ओळ आणखी भयंकर ठरते. ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द आपण वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचले. वर्गीकरणात आगीसाठी चार वेगळी दारे आहेत: अपघात, स्वतःहून केलेली इजा, दुसऱ्याने केलेला हल्ला, आणि ‘हेतू ठरवता आला नाही’. हे चौथे दार फार महत्त्वाचे आहे. माहीत नसेल तर माहीत नाही असे लिहा, उगाच ‘अपघात’ लिहू नका, असे ते सांगते. आपल्याकडे मात्र संशय असला तरी कागद ‘अपघात’ म्हणतो आणि प्रकरण मिटते.

आपल्या डॉक्टरांवर कामाचा बोजा आहे, त्यांना पोपटाचे क्रमांक कुठे शोधायला लावता, असे कुणी म्हणेल. ते खरेच आहे. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी साधारण पाचातल्या एकालाच डॉक्टरने कारण लिहिलेला दाखला मिळतो. माझी मागणी अमेरिकेच्या यादीची नाहीच. काय झाले, कुठे झाले, तेव्हा माणूस काय करत होता आणि हे अपघाताने झाले का, एवढी चार उत्तरे मराठीत लिहिली तरी पुरे. क्रमांक नंतर कुणीही लावू शकतो. आपली मुले परदेशासाठी तेच तर करत आहेत.

आणि आपलीही एक सवय आहे. हादसा झाला की आपण ‘तकदीर’ म्हणतो. दुःख सोसायला त्या शब्दाचा आधार होतो, हे मी नाकारत नाही. पण त्याच मागाला पट्ट्यावर जाळी नसताना दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा उभा राहतो, त्याला तकदीर म्हणू नये. तेव्हा कुणा जखमीला दवाखान्यात घेऊन जाल, तेव्हा डॉक्टरला नीट सांगा, घाबरू नका. आणि निघण्याआधी केस पेपर वाचून पाहा. त्यावर नुसतेच ‘पडून’ लिहिले असेल, तर कुठून आणि कशामुळे तेही लिहा, अशी नम्रपणे विनंती करा.